सभागृहात काय बोललं गेलं, ते आपण स्वतः ऐकू

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला न आलेल्या गटांनी मासिक बैठकीत ते मोठ्यानं वाचावं, असं कार्यकारिणीत ठरलं, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेऊन छापत आहोत.)



पत्रिकेत माझा विषय छापलाय, "विधिमंडळाचं कामकाज मोबाइलवर कसं पाहावं". तो वाचून मघाशी एक मावशी म्हणाल्या, "पोरी, त्यापरीस शेळीचं सांग. तिथं नुसती भांडतेत." मावशी, शेळीचं जेवणानंतर डॉक्टरसाहेब सांगणार आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. भांडतेत हे खरंय. पण भांडणाच्या आधी आणि नंतर तिथं जे बोललं जातं, त्यातनं आपलं बरंच काही ठरतं.

आज इथं एसटीनं किती जणी आल्या? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. तिकीट अर्धं लागलं ना? हे अर्धं तिकीट पहिल्यांदा कुठं बोललं गेलं, तर विधानसभेत. ९ मार्च २०२३ ला तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अर्थसंकल्प मांडला, त्या भाषणात. आणि ते लागू कधी झालं? १७ मार्चला. मधले आठ दिवस आठवतात का? १० तारखेलाच आपल्यातल्या काही जणींनी अर्धे पैसे कंडक्टरच्या हातावर ठेवले होते, आणि तो म्हणत होता, "मला वरून कागद आला नाही." बायांना वाटलं, हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नव्हता. घोषणा झाली होती, कागद निघायचा होता.

त्याच भाषणात आशाताईंचं मानधन ३,५०० वरून ५,००० करायचं सांगितलं होतं. अंगणवाडी सेविकांचं ८,३२५ वरून १०,०००, मदतनीस ताईंचं ४,४२५ वरून ५,५००. आणि त्याच भाषणात "लेक लाडकी" योजना होती. तिचा शासन निर्णय निघाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे एकाच दिवशी, एकाच माणसानं, एकाच भाषणात सांगितलेल्या दोन गोष्टी. एक आठ दिवसांत हातात आली, दुसरीला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत "लेक लाडकीचा फॉर्म भरून देतो" म्हणून पैसे घेणारे गावोगाव फिरत होते. फॉर्मच निघाला नव्हता, तर भरत काय होते?

म्हणून मी हा विषय मागून घेतला. आपल्याला बातमी कळत नाही असं नाहीये. बातमी आपल्याला पहिल्यांदा कळते, व्हॉट्सअॅपवर. पण ती घोषणा आहे, मागणी आहे, का नुसतं कुणाचं तरी भाषण आहे, हे त्यात नसतं.

मागच्या उन्हाळ्यात आपल्याच प्रभागात झालेलं सांगते. गावाचं नाव घेत नाही, त्या गटाच्या ताया इथं बसल्यात आणि त्यांनीच मला "सांग, बाकीच्यांना तरी कळू दे" म्हणून परवानगी दिलीय. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. सभागृह दिसतंय, आमदार उभे आहेत, हातात कागद आहे, आणि ते म्हणतात, "ग्रामीण भागातल्या महिला बचत गटांचं संपूर्ण कर्ज माफ..." आणि व्हिडिओ संपतो. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "बचत गटांचं कर्ज माफ, विधानसभेत ऐतिहासिक निर्णय". सभागृह खरं, आमदार खरे, आवाज खरा. खोटं कसं म्हणायचं?

गटातल्या अकरा जणींनी हप्ता थांबवला. का भरायचा, माफच झालंय तर? तीन महिने खात्यावर काही गेलं नाही. बँकेनं खातं थकीत दाखवलं. वेळेवर फेड असली तरच व्याजाची सवलत मिळते, ती गेली. आणि पुढचं मोठं कर्ज, ज्याच्यावर तिघींनी बियाण्याचं आणि एकीनं शिलाई मशीनचं गणित मांडलं होतं, ते अडकलं. पेरणी काही कुणासाठी थांबत नाही. त्या तिघींनी आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्सकडून पैसे उचलले. ते हप्ते अजून चालू आहेत.

तो पूरा व्हिडिओ आम्ही नंतर शोधला. म्हणजे मी नाही, सीआरपी ताईंच्या बारावीतल्या लेकीनं शोधला. दोन तास लागले तिला. पूर्ण वाक्य होतं, "महिला बचत गटांचं संपूर्ण कर्ज माफ करण्याचा निर्णय शासन घेणार आहे काय?" आणि त्यानंतर मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही. दोन मिनिटांचा मामला होता सगळा.

आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, तिथंच घात होतो. "माफ केलं", "माफ करावं", "माफ करणार का", "माफ करता येणार नाही", या चारही वाक्यांचा पुढचा भाग एकच. शेवटचे दोन शब्द कापले की कापणाऱ्याला पाहिजे ते वाक्य तयार. व्हिडिओ मध्येच तुटल्यासारखा वाटला, तर पहिलं हेच विचारायचं, शेवट कुठंय?

आता तिथलं थोडं नीट समजून घेऊ. शाळेत नागरिकशास्त्रात शिकवलं होतं, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं, मीही मार्कांपुरतंच.

आपल्या राज्यात दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार, ते आपण बटन दाबून निवडतो. विधान परिषदेत ७८, ते आपण थेट निवडत नाही. काही विधानसभेचे आमदार निवडतात, काही जिल्हा परिषद-नगरपालिकांचे सदस्य, काही शिक्षक, काही पदवीधर, आणि काही राज्यपाल नेमतात. (ज्यांच्या लेकी-सुना पदवीधर झाल्यात, त्यांनी पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवून घ्या. ते आपोआप येत नाही. वेगळा अर्ज असतो.) व्हिडिओ कुठल्या सभागृहातला आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणारा सुरुवात कशी करतो ते ऐका. "अध्यक्ष महोदय" म्हणाला तर विधानसभा. "सभापती महोदय" म्हणाला तर विधान परिषद.

वर्षात तीन अधिवेशनं. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईला, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी मुंबईला जून-जुलैमध्ये, हिवाळी नागपूरला डिसेंबरात. आता आपलं वर्ष बघा. अर्थसंकल्पाला हरभरा-गहू काढायचा असतो, पावसाळीला पेरणी, आणि हिवाळी अधिवेशनात आपल्या निम्म्या बाया कारखान्यावर, कोपीत. नागपूरला थंडीत मोर्चे निघतात, त्यात आपण दिसत नाही, कारण आपण फडात असतो. मोबाइलवर पाहायची सोय आपल्यासाठी म्हणूनच मोठी आहे. मुंबईच्या माणसाला ती तेवढी मोठी वाटणार नाही.

कामकाजाचं थेट प्रक्षेपण विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून होतं. बातम्यांचे चॅनेलही यूट्यूबवर लांबच लांब थेट दाखवतात आणि ते नंतरही तसंच पडून राहतं. दिवसा बघायला कुणाला वेळ आहे? रात्री भांडी झाल्यावर लावा. सगळं बघायचं नाही. सभा चालते सात-आठ तास, कधी कधी रात्री उशिरापर्यंत. विधानसभेत साधारणपणे सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास असतो, तो ऐका. आणि लक्षवेधी सूचना ऐका. एखादा तातडीचा विषय आमदार मांडतात आणि मंत्र्याला त्यावर निवेदन करावं लागतं, त्याला लक्षवेधी म्हणतात. आपल्या कामाचं बरंचसं या दोन ठिकाणी सापडतं. लक्षवेधी जास्त झाल्या की सकाळी नऊलाच विशेष बैठक लावतात, तेव्हा सभागृहात माणसं कमी असतात, ओरडाही कमी, आणि ऐकायला बरं पडतं. माझं तर मत असंय की ज्या वेळी सभागृह रिकामं दिसतं, त्याच वेळी आपल्या कामाचं जास्त बोललं जातं. पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीचं रील आपल्यापर्यंत पाच मिनिटांत येतं. सकाळी नऊच्या अंगणवाडीच्या चर्चेचं रील कुणी बनवत नाही.

आता शब्द. हे मात्र वहीत लिहून घ्या.

आमदार बोलतो ती मागणी किंवा प्रश्न. तो सत्ताधारी पक्षाचा असला तरी ती मागणीच. मंत्री बोलतो ते उत्तर, निवेदन, आश्वासन किंवा घोषणा. म्हणून व्हिडिओत पहिलं बघायचं, कोण उभंय? मंत्री, का आमदार? आपल्या त्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत आमदार उभे होते. एवढं एक ओळखलं असतं तरी हप्ता थांबला नसता.

मंत्री उभा असला तरी त्याच्या शब्दांत फरक असतो. "तपासून पाहू" म्हणजे आपल्या सासूबाईंचं "बघू". "सकारात्मक विचार करू" हे जरा बरं. "अधिवेशन संपायच्या आत बैठक घेऊ" याला तारीख आहे, म्हणून ते वहीत टिपायचं. "शासन निर्णय काढू" हे त्याहून पक्कं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं पुढं काय झालं हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समितीच आहे. म्हणजे तिथं दिलेला शब्द कागदावर राहतो, प्रचारसभेतला राहत नाही.

हा फरक आपण लाडक्या बहिणीच्या बाबतीत पाहिला. २८ जून २०२४ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना ही योजना सांगितली, महिन्याला १,५०० रुपये, आणि त्याच दिवशी शासन निर्णयही निघाला. सुरुवातीला ६० वर्षांची मर्यादा होती, पाच एकर जमिनीची अट होती. अधिवेशन चालू असतानाच जुलैच्या सुरुवातीला मर्यादा ६५ केली, जमिनीची अट काढली. ज्या ताया रोज ऐकत होत्या त्यांनी पाच एकराच्या भीतीनं अर्ज सोडला नाही. मग निवडणुकीत २,१०० चं आश्वासन आलं. ते प्रचारात होतं, जाहीरनाम्यात होतं. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात ते नव्हतं. तिथं योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद सांगितली. ज्यांनी भाषण ऐकलं त्यांना त्याच दुपारी कळलं. बाकीच्यांना एप्रिलमध्ये बँकेच्या दारात कळलं, पासबुक भरून घेतल्यावर. मी इथं कुठल्या पक्षाची बाजू घेत नाहीये, आपल्या संघात सगळ्या पक्षांच्या बाया आहेत आणि जेवायला एकाच पंगतीत बसतात. पण तुमच्या घरखर्चाचं गणित तुम्ही कुठल्या आकड्यावर मांडायचं, १,५०० वर का २,१०० वर, हे त्या भाषणातनं कळत होतं.

आणखी एक, विधेयक आणि कायदा. शक्ती कायद्याचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. बायकांवर अत्याचार करणाऱ्यांना कडक शिक्षा, तपास लवकर. अजूनही मी प्रशिक्षणात विचारलं तर बाया सांगतात, "आपल्याकडं शक्ती कायदा हाय की." डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते विधेयक मंजूर केलं, टाळ्या वाजल्या, व्हिडिओ आले. पण ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं, ती मिळाली नाही आणि कायदा लागू झालाच नाही. पोलीस ठाण्यात जाऊन "शक्ती खाली गुन्हा नोंदवा" म्हणणाऱ्या बाईला आपण काय सांगणार? तिचं खरं संरक्षण ज्या कायद्यात आहे, त्याचं नाव तिला माहीत असायला पाहिजे.

म्हणून शेवटी कागद बघायचा. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर असतो आणि प्रत्येकाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. कुणी "जीआर आलाय" म्हणून फोटो पाठवला तर तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघा. निघाला तर खरा. ज्या फोटोत तो आकडाच कापलाय, त्याच्यावर पैसे भरू नका.

आता एक जड गोष्ट. आपल्या जिल्ह्याची आहे, म्हणून सांगतेच.

पिशवी काढायच्या ऑपरेशनचं आपल्याकडं वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. कोणत्या वस्तीत किती जणींची झाली हे बाया बोटावर मोजून सांगायच्या. उचल घेतलेली, कोयता थांबला तर मुकादम दंड लावणार, पाळीत फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि डॉक्टर म्हणाला "कॅन्सर होईल", की बाई वीस-पंचविसाव्या वर्षी पिशवी काढून मोकळी. आपण हे एकमेकींना सांगत होतो, पण वस्तीच्या बाहेर ते कुणाच्या हिशोबात नव्हतं. २०१९ च्या जून महिन्यात विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा विषय मांडला. उत्तरात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आकडा दिला. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. त्या सगळ्या ऊसतोड बायकाच होत्या असं नाही. पण आकडा सरकारच्या तोंडून आला. चौकशीला समिती नेमली. पुढं जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट आली.

आपल्या बायांचं दुखणं त्यामुळं संपलं का? नाही. अजून फडात आडोसा नाही. पण आधी कुणी म्हणायचं "बायका उगंच बोलतेत", ते बंद झालं. आता कुणी म्हणालं तर तारीख आणि आकडा आपल्याकडं आहे. मी एमएसडब्ल्यूला असताना हा आकडा पुस्तकात वाचला होता. इथं कामाला आल्यावर माझ्यासमोर बसलेल्या बाईनं पोटावरचा टाका दाखवला, तेव्हा मला कळलं की हा आकडा एकेक करून बनलाय.

सभागृहाचं छापील कामकाजही वाचता येतं, हे फार कमी जणींना माहीत आहे. तारांकित प्रश्नांच्या उत्तरांच्या याद्या संकेतस्थळावर असतात, मराठीत. त्यांची भाषा एकदा ऐकली की विसरत नाही. प्रश्न असा असतो, "अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजना अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?" उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे." शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी एकच, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही." आमच्या सीआरपी ताई आता घरात हेच वापरतात. नवऱ्यानं विचारलं, भाजी का केली नाही, तर म्हणतात, "प्रश्न उद्भवत नाही."

हसण्यावारी नेऊ नका. एका ग्रामसंघानं याचा उपयोग केलाय. त्यांच्या गावात जल जीवन मिशनचे नळ दोन वर्षांपूर्वी बसले. तोट्या चमकतात, पाणी नाही. ग्रामसभेत विचारलं की भाऊसाहेब म्हणायचे, "काम पूर्ण आहे, वीज जोडणी बाकी आहे, होईल." तायांनी यादीतले आपल्या भागातले पाणी योजनांचे प्रश्न शोधले. त्यांच्या गावाचं नाव त्यात नव्हतं. पण शेजारच्या तालुक्यातल्या तशाच योजनेबद्दल प्रश्न होता आणि उत्तरात काम अपूर्ण असल्याचं आणि कंत्राटदाराला नोटीस दिल्याचं लिहिलं होतं. ताईंनी ते पान छापून आणलं, पाच रुपये लागले, आणि ग्रामसभेत उभं राहून वाचलं. मग विचारलं, "तिकडं नोटीस दिली, इकडं दिली का? दिली असंल तर तारीख सांगा. नसंल तर विलंबाची कारणे काय आहेत?" आख्खी ग्रामसभा हसली, भाऊसाहेब सोडून. त्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. पाणी अजून आलेलं नाही, मी खोटं सांगणार नाही. पण "काम पूर्ण आहे" हे वाक्य पुन्हा कुणी म्हणालं नाही, आणि आमदारसाहेबांना द्यायच्या पत्राला आता ते इतिवृत्त जोडलंय. पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, म्हणून पत्र अधिवेशन सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो.

पण सोशल मीडियावर बघताना एक जपा. प्रत्येक आमदार स्वतःच्या भाषणाचा तुकडा फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकतो. ते काही खोटं नाही, पण ती अर्धी भाकर आहे. त्याला मंत्र्यानं काय उत्तर दिलं, ते त्यात नसतं. मंत्र्याच्या पानावर फक्त उत्तर असतं, प्रश्न कुणी लावून धरला ते नसतं. सरकारचं माहिती खातं "महासंवाद" या संकेतस्थळावर सभागृहातली उत्तरं लेखी देतं, तेही वाचा. ती सरकारची बाजू आहे हे लक्षात ठेवून वाचा. आणि गमतीच्या क्लिपा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनानंतर तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत होते, असं सांगणारी क्लिप आपल्या सगळ्यांच्या फोनवर आली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. पुढं त्यांचं खातं बदललं. ती क्लिप महत्त्वाची नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याच अधिवेशनात शेतीवर, पीक विम्यावर कोण काय बोललं हे मी आमच्या गटात विचारलं, तेव्हा एकीलाही सांगता आलं नाही.

आणि तिथं बायका किती दिसतात, तेही बघा. विधानसभेच्या २८८ मध्ये पंचवीससुद्धा नाहीत. आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या. विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केलाय, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू व्हायचा आहे. तोवर जेवढ्या आहेत तेवढ्यांना तरी ऐकू. एखादी महिला आमदार शौचालयाचं, पाळणाघराचं बोलायला उठते तेव्हा बाकीचे काय करतात, तेही कॅमेऱ्यात दिसतं.

मला माहितीय, मनात काय चाललंय. फोन कुणाकडंय? नवऱ्याकडं, नाही तर पोराकडं. रात्री पोरगं गेम खेळतं, बायकोला फोन मिळतो तो चार्जिंगला लावायला. डोंगरावरच्या वस्तीत रेंज नाही. आणि तिथलं बोलणं जड, "विनियोजन", "पुरवणी मागण्या", कानावरून जातं. हे सगळं खरंय. म्हणून एकटीनं बघायचं नाही. गेल्या अधिवेशनात एका ग्रामसंघानं असं केलं. पापड लाटायला आठ-दहा जणी बसतातच, तिथं मध्ये फोन ठेवला, आवाज मोठा केला आणि आदल्या दिवशीचा प्रश्नोत्तराचा तास लावला. बघायला लागत नाही, कानानं ऐकता येतं, हात चालूच. ज्या मावशींना वाचता येत नाही, त्या सगळ्यात चांगलं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. आम्हाला शब्द निसटतो आणि त्या म्हणतात, "थांब, तो आत्ता 'अंशतः' म्हणाला, मागं घे."

तर कार्यकारिणीनं पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी असं ठरवलंय. प्रत्येक ग्रामसंघाला एक खातं. खालच्या वस्त्यांच्या ग्रामसंघाकडं पाणीपुरवठा, रस्त्याकडच्या तिन्ही गावांकडं महिला व बालविकास, शाळेजवळच्या ग्रामसंघाकडं शिक्षण आणि एसटी, आणि उमेदचं, म्हणजे आपल्या स्वतःच्या कर्जाचं नि फिरत्या निधीचं, प्रभागसंघाच्या कार्यकारिणीकडं. हिवाळी अधिवेशनात ऊसतोडीचा विषय कोपीतनं ऐकायला कारखान्यावर जाणाऱ्या तिघींनी नावं दिलीत, त्यांच्या महिन्याच्या डेटाचे पैसे संघ देणार आहे. ऐकलेलं वहीत चार रकान्यांत लिहायचं: तारीख, कोण बोललं, काय बोललं, आणि शब्द कोणता होता. "करू", "बघू", का "केलं". वही मासिक बैठकीत वाचायची. कर्जाबद्दल कुठलाही व्हिडिओ आला तर हप्ता थांबवायच्या आधी तो माझ्याकडं किंवा बँक सखीकडं पाठवायचा, रात्री अकरा वाजता आला तरी चालेल.

वह्या बाहेर टेबलावर आहेत. लेखापाल ताईंकडं सही करून घेऊन जा, प्रत्येक ग्रामसंघाला एकच आहे. अजून दोन खात्यांना कुणी नाव दिलेलं नाही, आरोग्य आणि रेशन. जेवायच्या आधी सांगा.